इसब: प्रकार ओळखण्यापासून उपचारापर्यंतची वाट, पायरीपायरीने

माझ्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तीनच बोटे टोकाशी भेगाळू लागली, तेव्हा मी पुण्यात घरगुती जेवणाचे डबे देण्याचे काम करत होते आणि रोज पहाटे जवळजवळ किलोभर लसूण सोलून चिरत होते. भेगांमधून लस यायची, मीठ लागले की डोळ्यांत पाणी उभे राहायचे आणि भाकरी थापणे तर बंदच झाले होते. घराजवळच्या मेडिकलमधून ‘नायट्यावर चालते’ म्हणून मिळालेली एक ट्यूब मी आठ महिने लावली. लावली की चार दिवस बरे वाटे आणि थांबवली की दुप्पट जोराने उलटे. शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात तरुण डॉक्टरबाईंनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि विचारले, “लसूण चिरताना पाकळी कोणत्या हातात धरता?” मी डावा हात पुढे केला. सुरी उजव्या हातात असल्यामुळे त्या हाताची बोटे सुटली होती आणि पाकळी धरणारी तीन बोटे लसणाच्या रसात भिजत होती.

त्या एका प्रश्नाने माझी आठ महिन्यांची फरपट थांबली. माझ्या वडिलांचा गाजर गवताचा त्रास आणि भाच्याचा जन्मापासूनचा इसब या दोन्हींत मी सोबत होते, त्यामुळे या वाटेवर माणूस कुठे कुठे अडखळतो हे मला जवळून ठाऊक आहे. मी डॉक्टर नाही; निदान आणि औषध डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. परंतु त्यांच्यापर्यंत योग्य तयारीने पोहोचणे आणि दिलेले औषध नीट वापरणे हे आपल्या हातात असते, आणि हा लेख त्यासाठी आहे.

१. खाजेचे नाव आधी नक्की करा

त्वचेचा दाह होऊन खाज, पुरळ, लस, खपल्या आणि पुढे जाड, काळपट कातडी अशी अवस्था येते, तिला आपल्याकडे इसब म्हणतात. डॉक्टर एक्झिमा किंवा डर्मटायटिस असे लिहितात. इसब संसर्गजन्य नाही. तो शिवाशिवीने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांतून दुसऱ्याला होत नाही. नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा आजार आहे, खरूज सूक्ष्म किडीमुळे होते, आणि हे दोन्ही घरभर पसरतात. तिन्हींना खाज असते, म्हणून गल्लत होते.

घरी पाहण्यासारख्या काही खुणा आहेत. नायट्याचा चट्टा कडेने वाढत जातो, त्याची कड उठलेली व खवलेदार असते आणि मधला भाग बराचसा निवळलेला दिसतो. खरुजेची खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत आणि बेंबीभोवती बारीक पुरळ येते, आणि घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांना ती बहुधा एकाच सुमारास सुटते. या खुणांवरून शंका घेता येते, निर्णय मात्र घेऊ नये. शंका असेल तेथे डॉक्टर चट्ट्याचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का ते पाहतात. ही तपासणी साधी असते, ती टाळू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी महत्त्वाची आहे. पुस्तकांत आणि चित्रांत दाह झालेली त्वचा लालभडक दाखवलेली असते. सावळ्या वर्णावर तोच दाह जांभळट, राखाडी किंवा नुसता गडद तपकिरी दिसतो. “लाल झालेले नाही, म्हणजे साधेच आहे,” असे म्हणून भाच्याच्या बाबतीत आम्ही तीन आठवडे वाया घालवले.

२. इसबाचा प्रकार ओळखा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण इसब हे एका आजाराचे नाव नसून एका कुटुंबाचे नाव आहे आणि प्रत्येक प्रकाराचा उपाय निराळा आहे.

जन्मजात प्रवृत्तीचा इसब, ज्याला अटॉपिक डर्मटायटिस म्हणतात, बहुधा तान्हेपणी गालांवर सुरू होतो आणि मूल मोठे होऊ लागले की कोपराच्या व गुडघ्याच्या मागच्या घडीत सरकतो. घरात कोणाला दमा, ऋतूप्रमाणे येणाऱ्या शिंका किंवा असाच इसब असतो. या मुलांच्या त्वचेचा वरचा थर मुळातच कमकुवत असल्याने आतला ओलावा टिकत नाही आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. बऱ्याच मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो. तोपर्यंत तो आटोक्यात ठेवणे हेच उपचाराचे ध्येय असते, हे आईवडिलांनी सुरुवातीलाच समजून घेतले तर डॉक्टर बदलत फिरण्याची वेळ येत नाही. दूध, अंडी, शेंगदाणे असे पदार्थ एकेक करून मुलाच्या ताटातून काढून टाकण्याचा सल्ला ओळखीचे लोक हमखास देतात. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय तसे करू नका. त्याने मुलाची वाढ खुंटू शकते आणि इसब बहुधा तसाच राहतो.

स्पर्शजन्य इसबाचे दोन पोटप्रकार आहेत. एकात पदार्थ त्वचेला सरळ जाळतो किंवा झिजवतो: दिवसभर भांडी घासणे, साबणाचे पाणी, फिनेल, कपड्यांचा सोडा. पाण्यात हात असणाऱ्या कोणालाही हा होऊ शकतो. दुसऱ्यात शरीराला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की त्याचा अल्पसा स्पर्शही पुरतो. कित्येक वर्षे बिनतक्रार वापरलेल्या वस्तूचीही ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे “मी तर हे पूर्वीपासून वापरते” हा युक्तिवाद येथे चालत नाही. खोट्या दागिन्यांतील, घड्याळाच्या पट्ट्यातील आणि पँटच्या बटणातील निकेल, टिकलीच्या मागचा डिंक, केसांच्या काळ्या रंगातील आणि लवकर रंगणाऱ्या काळ्या मेंदीतील पीपीडी हे रसायन, गवंड्यांच्या हातांना सिमेंटमधील क्रोमेट, आणि माझ्यासारख्यांना लसूण ही आपल्याकडची नेहमीची कारणे आहेत. टिकलीच्या डिंकाने कधी कधी खाज फारशी न येता कपाळावर पांढरा डागच उमटतो, तेव्हा तो कोड समजून घाबरण्याआधी टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवावे. बिब्ब्याच्या तेलाने तर फोड येऊन भाजल्यासारखी जखम होते. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घालण्याची रीत अजून अनेक घरांत आहे, तिच्यापासून दूर राहावे.

वाऱ्याबरोबर येणारा इसब हा याचाच भाऊ, आणि महाराष्ट्राला त्याची ओळख गाजर गवतामुळे झाली. काँग्रेस गवत या नावानेही ओळखले जाणारे हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि नंतर देशभर पसरले. माझे वडील सातारा जिल्ह्यात शेती करत. पावसाळा सुरू झाला की त्यांच्या पापण्या सुजत, मान आणि कोपराची घडी चिघळे, आणि आम्ही ते उन्हामुळे होते असे समजून त्यांना टोपी घालायला लावत असू. खूण अशी आहे की उन्हाच्या त्रासात वरच्या पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची सावली बहुधा सुटते, तर वाऱ्यातून येणारे कण तिथेही जाऊन बसतात. वडिलांच्या हनुवटीखालीच सर्वांत जास्त चिघळलेले होते आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना मान वर करायला सांगून कधी पाहिले नव्हते. वाळलेले गवतही त्रास देते, आणि त्याच कुळातल्या शेवंतीनेही काहींना उलटते. त्यामुळे घरात हार आणताना विचार करावा.

कोंड्याचा इसब म्हणजे सेबोऱ्हिक डर्मटायटिस टाळू, भुवया, नाकाच्या कडा, कानामागे आणि छातीच्या मध्यभागी तेलकट पिवळसर पापुद्र्यांच्या रूपात दिसतो. त्वचेवर राहणाऱ्या एका बुरशीचा त्यात हात असल्याने किटोकोनाझोलसारखा शाम्पू दिला जातो. तो डोक्यावर पाच मिनिटे राहू द्यावा लागतो, आणि लगेच धुऊन टाकणारे लोक ‘गुण आला नाही’ म्हणून सांगतात. कोंडा हा कोरडेपणा समजून डोके तेलाने चोपडल्यास तो वाढतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवरच्या अशा खपल्या बहुतेक वेळा आपोआप जातात.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते. नाण्याएवढे गोल, सर्वभर सारखेच चिघळलेले चट्टे हातापायांवर येतात, त्यांना नाण्यासारखा इसब म्हणतात आणि त्यांचीच नायट्याशी सर्वाधिक गल्लत होते. बोटांच्या कडेला आणि तळव्यात साबुदाण्याच्या दाण्यांसारखे खोल, खाजरे फोड येतात तो पॉम्फोलिक्स. एकाच जागी, बहुधा मानेमागे किंवा घोट्यावर, वर्षानुवर्षे खाजवून कातडी चामड्यासारखी जाड होते तो खाजवण्यातूनच टिकणारा इसब, आणि त्यात खाजवण्याची सवय मोडणे हाच अर्धा उपचार असतो. पायाच्या शिरा फुगलेल्या असताना घोट्याच्या वर काळपट तपकिरी, चिघळणारी त्वचा दिसते तो साचलेल्या रक्ताचा इसब. तिथे नुसत्या मलमाने भागत नाही, पाय उंच ठेवणे आणि पायातील धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घेतल्यावर घट्ट मोजे वापरणे आवश्यक असते.

३. मेडिकलमधून आणलेली ट्यूब थांबवा, पण ती फेकू नका

आपल्याकडे काउंटरवरून मिळणाऱ्या अनेक ट्यूबांमध्ये स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र असते. स्टिरॉइडमुळे कोणतीही खाज दोन दिवसांत शमते, म्हणून ट्यूब ‘लागू पडली’ असे वाटते. बुरशी असेल तर ती मात्र आतल्या आत पसरते आणि नायट्याचे रूप इतके बदलते की नंतर तज्ज्ञालाही ओळखणे अवघड जाते. क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे पांढरे चर पडतात, चेहऱ्यावर मुरमे व बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. केंद्र सरकारने २०१८ साली स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली, आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृती दलही नेमले आहे. तरीही ट्यूब मागितली की मिळते.

ट्यूब फार दिवस वापरली असेल तर थांबवल्यावर काही दिवस आग आणि लाली वाढू शकते. म्हणून ती स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू न करता लवकरात लवकर डॉक्टरांना भेटा, आणि रिकामी का होईना, ती ट्यूब खोक्यासकट जवळ ठेवा.

४. डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात बसावे लागते आणि आत गेल्यावर मिळणारा वेळ थोडा असतो. तो कारणी लागावा म्हणून पुढील गोष्टी एका पिशवीत तयार ठेवा.

• आतापर्यंत लावलेल्या सर्व ट्यूबा, गोळ्यांची पाकिटे, जुन्या चिठ्ठ्या व केसपेपर. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि घरगुती लेपही त्यात आले.
• त्रास जोरात असतानाची छायाचित्रे, तारखेसह. भेटीच्या दिवशी त्वचा नेमकी शांत असते, हा बहुतेकांचा अनुभव आहे.
• साबण, शाम्पू, केसांचा रंग, भांड्यांची पावडर, फिनेल यांच्या वेष्टनांवरील घटकांची छायाचित्रे.
• तुमच्या कामाचे तासवार वर्णन. ‘स्वयंपाक’ एवढे पुरत नाही; काय चिरता, कोणत्या हाताने, हात किती वेळा ओले होतात, सुट्टीत बरे वाटते का, हे लिहून न्या.
• मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण, स्तनपान आणि घरातील दम्याचा इतिहास.

तपासणीच्या दिवशी चट्ट्यावर मलम, हळद किंवा तेल लावून जाऊ नका.

५. पॅच टेस्ट कशी होते

स्पर्शाची ॲलर्जी असावी असे वाटल्यास पाठीवर पॅच टेस्ट करतात. रक्त काढून किंवा त्वचेला टोचून होणाऱ्या ॲलर्जीच्या चाचण्या वेगळ्या, आणि स्पर्शजन्य इसबाचे कारण त्यांतून कळत नाही. महागडे रक्ताचे ‘पॅनेल’ करून घेण्याआधी हे विचारून घ्या. पॅच टेस्टमध्ये ठरावीक पदार्थांचे लहान लहान थेंब चकत्यांत भरून पाठीला चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा वाचतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा वाचतात. दुसऱ्या वाचनाला न जाणे ही मोठी चूक आहे, कारण खरी ॲलर्जी उशिरा उमटते. माझ्या पाठीवर लसणाची खूण दुसऱ्या दिवशी पुसट होती आणि चौथ्या दिवशी खरखरीत, उठलेली आणि भयंकर खाजरी झाली होती.

या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही, खाजवायचे नाही. म्हणून शक्य असल्यास थंडीतली तारीख घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या आणि पाठीवर लावलेले स्टिरॉइड यांमुळे निकाल खोटा येऊ शकतो, ते कधी थांबवायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कच्चा लसूण किंवा केसांचा रंग घरच्या घरी दंडाला बांधून ‘चाचणी’ करू नका, लसणाने कातडी भाजते. चाचणीत एखादा पदार्थ निघाला तरी तो तुमच्या रोजच्या वापरात खरोखर येतो का, हे डॉक्टरांसोबत बसून जुळवून पाहावे लागते.

६. मलम किती आणि कसे लावायचे

भीतीपोटी चिमूटभर मलम लावणे आणि हौसेने रोज चोपडणे, या दोन्ही टोकांनी इसब रेंगाळतो. डॉक्टर बोटाच्या पेराचे माप सांगतात: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून पिळलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मनगटापुढच्या एका पंजाच्या पुढच्या व मागच्या बाजूला मिळून पुरते. मलम दिवसातून एकदा किंवा दोनदा, सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत लावा. खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका.

स्टिरॉइडचे नाव ऐकताच घाबरण्याचे कारण नाही. योग्य ताकदीचे, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीपुरते वापरले तर ते इसबाचे सर्वांत उपयोगी औषध आहे. तळहातावर चालणारे तीव्र मलम चेहऱ्यावर, पापण्यांवर, जांघेत आणि बाळाच्या लंगोटाखाली चालत नाही, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा. नाजूक जागी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन किंवा स्टिरॉइड नसलेले टॅक्रोलिमस देतात. टॅक्रोलिमसने पहिले काही दिवस आग होते. ती बहुधा आपोआप कमी होते, पण हे आधी कोणी सांगितले नसल्यामुळे पुष्कळ लोक पहिल्याच रात्री ते धुऊन टाकतात. वारंवार उलटणाऱ्या इसबात, बरे झाल्यानंतरही त्याच जागी आठवड्यातून दोन दिवस मलम लावण्यास सांगतात. ती चूक नसून पद्धत आहे.

७. रोजची निगा

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांची. कढत पाण्याने खाजेला क्षणभर बरे वाटते आणि त्वचा अधिक कोरडी पडते. साबण सौम्य, बिनवासाचा आणि केवळ गरजेच्या जागी वापरावा. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव, अंगाला बेसन किंवा उटणे चोळणे हे इसब असताना बंद ठेवा. दिवाळीत भाच्याला उटणे लावण्याचा आग्रह मीच धरला होता आणि त्याची ती रात्र रडण्यात गेली. अंग टिपून घेतल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत, ओलसर त्वचेवरच, बिनवासाचे दाट मॉइश्चरायझर लावावे. सर्वांगाला इसब असलेल्या मोठ्या माणसाला ते आठवड्याला २५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक लागते, लहानशी बाटली महिनाभर पुरवणाऱ्यांना त्याचा गुण येत नाही. महागडे परवडत नसेल तर साधे व्हॅसलीन चालते. न चिघळलेल्या कोरड्या त्वचेवर शुद्ध खोबरेल तेलही चालते, मोहरीचे तेल नको. औषधी मलम आणि मॉइश्चरायझर यांत पंधरा ते तीस मिनिटांचे अंतर ठेवा. कपडे सुती, नखे कापलेली.

८. मलमाने भागत नसेल तेव्हा

डॉक्टर अशा वेळी ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार देतात, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या. किंवा पोटातून औषधे देतात. वडिलांना ॲझाथायोप्रिन दिले होते आणि ते चालू असताना रक्ताची तपासणी ठरलेल्या दिवशी करावीच लागे. सायक्लोस्पोरिनला रक्तदाब आणि मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावे लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते, म्हणून घेण्याचा वार चिठ्ठीवर आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ड्युपिलुमॅबसारखी नवी इंजेक्शने हट्टी अटॉपिक इसबात उपयोगी पडतात, ती महाग आहेत. झटपट बरे करणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन वारंवार मागू नका. त्याचा अंमल उतरला की इसब उसळतो.

चिघळलेल्या जागी अचानक एकसारखे, दुखरे, मध्ये खळगा असलेले फोड पसरले आणि ताप आला, पू वाहू लागला, सर्व अंगाची त्वचा सोलून निघू लागली किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पहिल्या प्रकारात नागिणीच्या जवळच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि लहान मुलांत तो धोक्याचा असतो.

९. कारण सापडल्यावर कामाची पद्धत बदला

शेतावर वडिलांनी गवत उपटणे पूर्ण थांबवले. बांधावरचे गाजर गवत फुलोऱ्याच्या आधी दुसऱ्यांकडून काढून घ्यायचे, ते अंगणाजवळ जाळायचे नाही, शेतातून आल्यावर कपडे बाहेरच ठेवून आंघोळ करायची आणि कपडे उघड्यावर वाळत घालायचे नाहीत, असे नियम घराने पाळले. निकेल निघाले तर मंगळसूत्राचा आकडा आणि कुड्यांचे फिरके आधी बदलावे लागतात. भांडी घासताना रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला, कारण घामाने भिजलेला हातमोजा हाताला पाण्याइतकाच त्रास देतो.

लसणाच्या बाबतीत मला हातमोज्यांचा फारसा उपयोग झाला नाही, कारण लसणातील त्रासदायक द्रव्य पातळ रबरातूनही आत येते. मी आता सोललेला लसूण घेते, तो चमच्याने मिक्सरच्या भांड्यात टाकते आणि भांडे धुण्याचे काम मुलगा करतो. बोटे वरून सहा आठवड्यांत बरी दिसू लागली, तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढचे काही महिने मी चिरण्याकडे फिरकले नाही. भाकऱ्या मात्र दोन महिन्यांनी पुन्हा थापल्या.